न्यू यॉर्कचं गोठवलेलं भाडं : मिळतं कुणाला, टिकतं कसं

२०२५ च्या महापौर निवडणुकीत झोहरान ममदानी यांनी ‘भाडं गोठवू’ अशी घोषणा दिली आणि ती न्यू यॉर्कबाहेरही गाजली. तिचा रोख शहरातल्या सुमारे दहा लाख रेंट स्टॅबिलाइज्ड घरांकडे होता. या घरांचं भाडं किती वाढवायचं हे दरवर्षी रेंट गाइडलाइन्स बोर्ड ठरवतं. बोर्डावर माणसं नेमतो महापौर. बोर्डाने वाढ शून्य ठेवली की तेवढ्या वर्षापुरतं सगळ्यांचंच भाडं थांबतं. २०१५, २०१६ आणि २०२० साली एक वर्षाच्या करारांबाबत तसं झालेलंही आहे.

पण याच नावाने ओळखली जाणारी दुसरी एक योजना शहरात १९७० पासून चालू आहे. ती कुठल्या निवडणुकीवर अवलंबून नाही, सगळ्यांसाठी नाही, आणि एका वर्षापुरतीही नाही. ६२ वर्षांवरच्या आणि दिव्यांग भाडेकरूंचं भाडं एका रकमेवर गोठवायचं आणि त्यांची पात्रता टिकेल तोवर गोठलेलंच ठेवायचं, अशी ती सोय. ज्येष्ठांच्या भागाला तिथे ‘स्क्री’ म्हणतात, २००५ साली सुरू झालेल्या दिव्यांगांच्या भागाला ‘ड्री’. सरकारी कागदांवर दोन्ही मिळून रेंट फ्रीझ प्रोग्रॅम. हा लेख या योजनेबद्दल आहे. न्यू यॉर्कमध्ये राहणाऱ्या आईवडिलांसाठी, मावशी-काकांसाठी किंवा स्वतःसाठी कुणाला ती लागत असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: ही सवलत मिळवणं तुलनेने सोपं आहे, हातातून निसटू न देणं अवघड.

वाढीचे पैसे कोण भरतं?

हा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीचे सगळे नियम याच उत्तरातून निघतात.

मुंबईत १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला तेव्हा भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. त्या गोठवण्याचा भार पूर्णपणे घरमालकावर पडला. भाडं जागच्या जागी राहिलं, सिमेंट, गवंडी आणि नळदुरुस्तीचे दर मात्र वाढत गेले. मालकाने दुरुस्तीतून अंग काढून घेतलं, चाळी टेकूंवर आल्या. शेवटी १९६९ च्या कायद्याने उपकर गोळा करून दुरुस्तीसाठी वेगळं मंडळ उभारावं लागलं. संरक्षण कुणाला द्यायचं हेही त्या कायद्याने कधी पाहिलं नाही. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीला जो नियम, तोच मलबार हिलच्या ऐसपैस फ्लॅटला. भाडेकरूचं वय, उत्पन्न, प्रकृती कशाचाच हिशेब नव्हता. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रमाण भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत. त्यानंतर १९९९ चा नवा कायदा आला, आणि ३१ मार्च २००० पासून मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ घेण्याची मुभा मिळाली.

न्यू यॉर्कने या योजनेपुरता वेगळा मार्ग धरला. भाडेकरू जुनी रक्कम देतो. कायदेशीर भाडं मात्र दर करारागणिक वाढतच राहतं. या दोन रकमांमधला फरक शहर मालकाला त्याच्या मालमत्ता करातून वळता करून देतं. म्हणजे मालकाच्या खिशाला झळ नाही, भाडेकरूच्या खिशाला झळ नाही. पैसे जातात शहराच्या तिजोरीतून. म्हणूनच रेंट स्टॅबिलाइज्ड आणि रेंट कंट्रोल्ड (भाडेनियंत्रणाच्या जुन्या पद्धतीतल्या) घरांसाठी ही योजना शहराचं अर्थखातं, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ फायनान्स, सांभाळतं. मिचेल-लामा आणि तशा प्रकारच्या सरकारी मदतीच्या इमारतींचं काम गृहनिर्माण खात्याकडे आहे.

माझ्या मते मुंबईपेक्षा ही रचना जास्त शहाणपणाची आहे. म्हाताऱ्या भाडेकरूला सांभाळायचं ठरवलं ते समाजाने, मग खर्चही समाजानेच उचलावा. मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारतींचे मालकही सत्तरी-ऐंशीतलेच असतात हे आपण सहसा विसरतो. पण या रचनेचा एक परिणाम भाडेकरूला भोगावा लागतो. पैसा सरकारी, त्यामुळे पात्रता पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते, आणि ते काम पडतं नेमकं अशा माणसावर ज्याला चष्म्याशिवाय पत्र वाचता येत नाही.

पात्र कोण?

वय ६२ किंवा जास्त. दिव्यांगांसाठी १८ पूर्ण. दिव्यांगांच्या बाबतीत डॉक्टरांचा दाखला पुरत नाही, ठरावीक सरकारी लाभांपैकी एखादा मिळत असावा लागतो: सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व लाभ, एसएसआय (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठ-दिव्यांगांना मिळणारी सरकारी मदत), माजी सैनिकांचं अपंगत्वाचं पेन्शन किंवा भरपाई, अपंगत्वाच्या आधारावर मिळालेलं मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा. अर्जदाराचं नाव भाडेकरारावर हवं, किंवा त्या घराचा वारसाहक्क त्याला रीतसर मिळालेला हवा.

घर भाडेनियंत्रणाखालचं असलं पाहिजे. बाजारभावाच्या घरात राहणाऱ्याला ही योजना लागू नाही. सेक्शन ८ व्हाउचर (भाड्याचा काही भाग सरकारने भरण्याची सोय) असलेल्यांना आणि शहराच्या सार्वजनिक गृहसंकुलातल्या रहिवाशांनाही नाही, कारण त्यांचं भाडं आधीच उत्पन्नाशी जोडलेलं असतं. आपलं घर रेंट स्टॅबिलाइज्ड आहे की नाही हे अनेकांना ठाऊकच नसतं. ढोबळ खूण अशी की इमारत १९७४ च्या आधीची असावी आणि तीत सहा किंवा जास्त घरं असावीत. पण खुणेवर थांबू नका. राज्याच्या गृहनिर्माण विभागाकडे आपल्या घराचा भाडे-इतिहास मागता येतो, फुकट मिळतो, आणि त्यात घर कोणत्या वर्गात नोंदलेलं आहे, दरवर्षी किती भाडं नोंदवलं गेलं, हे सगळं येतं. मालकाला तोंडी विचारण्यापेक्षा हा कागद केव्हाही बरा.

योजना न्यू यॉर्क शहराची आहे. वेस्टचेस्टर आणि नासाउ काउंटीतल्या काही गावांनीही ती आपापल्या हद्दीत लागू केली आहे. न्यू जर्सीत, म्हणजे एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्या आपल्या मंडळींना तिचा उपयोग नाही.

आता उत्पन्न. मर्यादा २०१४ साली वर्षाला ५०,००० डॉलर झाली आणि पुढची दहा वर्षं तरी तिथेच थांबली. अर्ज भरताना त्या वर्षीच्या फॉर्मवरचा आकडा पाहावा. हे उत्पन्न एकट्या अर्जदाराचं धरत नाहीत, घरातल्या सगळ्यांचं मिळून धरतात. आपल्याकडच्या कुटुंबांची गाडी इथेच अडते. आजी-आजोबांचं पेन्शन बेताचं असतं, पण त्याच घरात नोकरी करणारा मुलगा राहत असेल तर त्याचा पगारही बेरजेत येतो आणि अर्ज तिथेच संपतो. भारतातून येणारं पेन्शन, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, बँकेतल्या ठेवींचं व्याज हेसुद्धा उत्पन्नच. ‘ते तिकडचं आहे, इकडे कशाला दाखवायचं’ हा सल्ला कुणी दिला तर तो सल्ला देणारा पुढे वसुलीची नोटीस आल्यावर सोबत येणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

शेवटची अट म्हणजे भाडं घराच्या मासिक उत्पन्नाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त हवं.

गोठतं ते नेमकं काय?

एक उदाहरण घेऊ. आजींचं मासिक उत्पन्न ३,००० डॉलर, म्हणजे एक तृतीयांश १,०००. आजवरचं भाडं १,२००. नवा करार ३ टक्के वाढीने १,२३६ चा झाला. आजींनी अर्ज केला, मंजूर झाला. त्यांचं भाडं गोठतं आधीच्या करारातल्या १,२०० वर. वरचे ३६ डॉलर दरमहा मालकाला करसवलतीतून मिळतात. पुढच्या वर्षी पुन्हा ३ टक्के वाढ झाली तर कायदेशीर भाडं १,२७३, आजींचे मात्र १,२०० च, आणि शहराचा वाटा ७३.

उत्पन्न ३,९०० असतं तर चित्र बदलतं. तेव्हा एक तृतीयांश होतो १,३००, आणि भाडं १,२३६ असेपर्यंत अर्ज बसतच नाही. भाडं वाढत वाढत १,३५० वर गेलं की पात्रता येते, आणि समजा त्याआधीचं भाडं १,२९० होतं, तरी रक्कम गोठते १,३०० वर. आधीचं भाडं आणि उत्पन्नाचा एक तृतीयांश, यांतलं जे जास्त, ते घेतलं जातं.

यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट अशी की उशीर महाग पडतो. पात्र असूनही तीन नूतनीकरणं होऊन गेल्यावर जाग आली, तर पहिल्या उदाहरणातल्या आजींचं भाडं १,२०० ऐवजी १,२७३ वर गोठेल. हा महिन्याचा ७३ डॉलरचा फरक मग पुढे जितकी वर्षं त्या घरात राहतील तितकी वर्षं त्यांच्याच पदरात. लाभ सुरू होतो अर्ज पोचल्यानंतरच्या महिन्यापासून. मागच्या वर्षांची भरपाई मिळत नाही. तरीही पात्र असून अर्जच न करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कुणाला सांगणारंच कुणी नसतं, कुणाला मालकाशी वाकडं यायला नको असतं. दुसरी भीती तर निराधारच आहे. मालकाचे पैसे बुडत नाहीत, उलट फरकाची रक्कम त्याला शहराकडून बिनचूक मिळते.

अर्ज विचाराधीन असताना मात्र पूर्ण भाडं भरत राहायचं. मंजुरी आल्यावर जास्तीची रक्कम मालकाने पुढच्या भाड्यात वळती करायची असते. ‘अर्ज केलाय, आता जुनंच भाडं देतो’ असं परस्पर ठरवणं म्हणजे थकबाकीच्या खटल्याला बोलावणं धाडणं.

दोन भाडी

ही योजना समजून घेताना लोक जिथे हमखास घसरतात ती जागा ही. गोठवलेल्या भाड्याखाली दुसरं एक भाडं वाढत असतं, पण ते रोजच्या व्यवहारात दिसत नाही. आजी दरमहा १,२०० चा चेक देतात. दहा वर्षं ३ टक्क्यांनी वाढ होत राहिली तर करारावरचं भाडं १,६१३ च्या आसपास पोचलेलं असतं. जोवर सवलत चालू आहे तोवर तो आकडा नुसता कागदावर. सवलत एकदा तुटली की तोच आकडा मालक मागू शकतो, आणि एका महिन्यात भाडं चारशे डॉलरने वाढतं. गोठवलेलं भाडं जितकं जुनं, तितका हा कडा उंच. म्हणून पंधरा-वीस वर्षं सवलतीत राहिलेल्या माणसाने नूतनीकरणात सगळ्यांत जास्त सावध राहायला हवं. होतं उलटं. सवय झालेली असते, त्यामुळे लिफाफा फोडलाच जात नाही.

नूतनीकरणंही दोन असतात आणि त्यांची गल्लत होते. एक भाडेकराराचं. मालकाने करार संपण्याच्या ९० ते १५० दिवस आधी नूतनीकरणाचा फॉर्म द्यायचा असतो, भाडेकरूला उत्तरासाठी ६० दिवस असतात. दुसरं सवलतीचं. ते अर्थखात्याकडे करायचं, आणि त्याला नव्या कराराची दोघांच्याही सह्या असलेली प्रत जोडायची. मालकाने सही करून प्रत परत केली नाही तर सवलतीचं कामही अडतं, म्हणून प्रत वेळेत मागून घ्यावी, तीही लेखी.

इथे एक सोपी युक्ती आहे. करार एक वर्षाचा घ्यायचा की दोन, हे भाडेकरूने ठरवायचं असतं. २०२५ च्या ऑक्टोबरपासूनच्या करारांसाठी बोर्डाने एक वर्षाला ३ टक्के आणि दोन वर्षांना ४.५ टक्के वाढ ठरवली. सवलत नसलेला भाडेकरू हा हिशेब घालत बसतो. सवलतीतल्या माणसाच्या खिशावर त्या टक्क्यांचा परिणामच होत नाही. सवलतीची मुदत कराराच्या मुदतीला जोडलेली असते, त्यामुळे दोन वर्षांचा करार घेतला की कागदपत्रांची कटकट निम्म्यावर येते. मी तरी घरातल्या कुठल्याही ज्येष्ठाला दोन वर्षांचाच करार घ्यायला सांगेन.

सवलतीची मुदत संपायच्या सुमारे दोन महिने आधी अर्थखातं नूतनीकरणाचा अर्ज टपालाने पाठवतं. मुदत टळली तर सहा महिन्यांची सूट मिळते. तेवढ्यात अर्ज गेला तर जुनी गोठवलेली रक्कम टिकते. त्यानंतर नव्याने अर्ज करावा लागतो, आणि मग रक्कम गोठते त्या वेळच्या भाड्याप्रमाणे. वरच्या उदाहरणातल्या आजींसाठी हा १,२०० आणि १,६०० मधला फरक आहे. आजारपण किंवा अपंगत्वामुळे वेळेत अर्ज भरता आला नाही तर कारण देऊन जास्त मुदत मागता येते. हे खातं नाकारेल असं गृहीत धरून गप्प बसू नये.

आपल्याकडच्या लोकांना यात एक खास अडचण येते. दिवाळीला भारतात जायचं, थंडी तिकडेच काढायची आणि एप्रिलमध्ये परतायचं, असा अनेक ज्येष्ठांचा बेत असतो. तेवढ्यात टपालपेटीत तो लिफाफा येऊन पडलेला असतो. यावर उपाय योजनेतच आहे. अर्जावर प्रतिनिधी म्हणून एका विश्वासू माणसाचं नाव देता येतं: मुलगी, भाचा, शेजारी, समाजसेविका, कुणीही. मग प्रत्येक पत्राची प्रत त्यालाही जाते. माझ्या दृष्टीने संपूर्ण फॉर्ममधली ही सर्वांत मोलाची जागा आहे, आणि ती रिकामी सोडली जाते.

भारतातल्या मुक्कामाचा दुसरा पैलू जरा नाजूक आहे. रेंट स्टॅबिलाइज्ड घर हे भाडेकरूचं मुख्य निवासस्थान असावं लागतं. वर्षात १८३ दिवसांपेक्षा कमी राहणं ही मालकाच्या बाजूने पुराव्यातली एक गोष्ट ठरू शकते. सहा महिन्यांचा मुक्काम आठ महिन्यांवर गेला, वर घर दुसऱ्या कुणाला वापरायला दिलं, तर सवलत राहू द्या, घरच धोक्यात येतं.

दोघांपैकी एक गेल्यावर

सवलत एका माणसाच्या नावावर असते. ती व्यक्ती गेली की सवलत आपोआप दुसऱ्याकडे जात नाही. घरात राहिलेली व्यक्ती स्वतः पात्र असेल, म्हणजे ६२ पूर्ण किंवा दिव्यांग लाभ घेणारी, तर ती सवलत आपल्या नावावर मागू शकते. मुदत मृत्यूपासून सहा महिने, किंवा खात्याने सवलत रद्द केल्याची नोटीस पाठवल्यापासून ९० दिवस, यांतली जी नंतर संपेल ती. दुःखाच्या दिवसांत सहा महिने कसे जातात कळत नाही, म्हणून हे काम जवळच्या कुणीतरी अंगावर घ्यावं.

घराचा वारसाहक्क आणि सवलतीचा हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे स्पष्ट ठेवा. वडिलांसोबत दोन वर्षं राहिलेल्या चाळीस वर्षांच्या मुलाला घर मिळू शकतं. वारस स्वतः ज्येष्ठ किंवा दिव्यांग असेल तर एक वर्षही पुरतं. पण चाळीस वर्षांच्या धडधाकट मुलाला सवलत मिळत नाही. त्याला पूर्ण कायदेशीर भाडं भरावं लागतं, आणि ते किती झालंय हे बहुतेकांना तेव्हाच पहिल्यांदा कळतं.

पती किंवा पत्नी गेल्यावर एक पेन्शनही थांबतं. घराचं एकूण उत्पन्न कायमचं २० टक्के किंवा जास्त घटलं असेल तर गोठवलेल्या रकमेचा फेरविचार मागता येतो. हा अर्ज वेगळा असतो, कुणी आपणहून सुचवत नाही. घर बदललं तर नवं घरही भाडेनियंत्रणाखालचं असेल अशा वेळी सवलत सोबत नेता येते, त्यालाही वेगळा अर्ज. इमारतीत बॉयलर किंवा छत यांसारखं मोठं काम झालं आणि त्यासाठी भाडेवाढीचा आदेश आला, तर ती वाढही सवलतीत येऊ शकते, मात्र आदेशाची प्रत अर्थखात्याला लगेच पाठवायला हवी. ड्रीवर असलेल्यांनी ६२ पूर्ण झाल्यावर स्क्रीकडे वळण्याचा विचार करावा. सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व लाभ निवृत्तीच्या पूर्ण वयाला साध्या निवृत्तिवेतनात बदलतो आणि मग ड्रीचा आधार कमकुवत होतो.

या योजनेतली सर्वांत अन्यायकारक गोष्ट मला उत्पन्नमर्यादेची वाटते. सोशल सिक्युरिटीचं पेन्शन महागाईप्रमाणे वाढतं. २०२२ साली ५.९ टक्के, २०२३ साली तर ८.७ टक्के वाढलं. मर्यादेचा आकडा मात्र त्या काळात जागचा हलला नाही. म्हणजे महागाई भरून काढण्यासाठी मिळालेल्या वाढीनेच माणूस मर्यादेच्या वर ढकलला जाऊ शकतो. आणि वर गेल्यावर सवलत थोडी कमी होत नाही, पूर्ण जाते. ज्यांचं उत्पन्न काठावर आहे त्यांनी वर्ष संपल्यावर नव्हे, ऑक्टोबर-नोव्हेंबरातच बेरीज करून पाहावी. निवृत्तिखात्यातून जास्तीची रक्कम काढायची असेल, किंवा भारतातली एखादी ठेव व्याजासकट मोडायची असेल, तर ती या वर्षी काढायची की पुढच्या, हे तेव्हाच ठरवता येतं. फॉर्म भरायला मदत हवी असेल तर शहराच्या ३११ क्रमांकावर दुभाषी मागता येतो, त्याचे पैसे लागत नाहीत.